ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर थांबते. थ्रॉटलची तपासणी घरी कशी करावी?

फोंड्याचा_चालक

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची, बीएस४, १२०० सीसी, चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर मॅन्युअल. ७१,००० किमी झाले. ॲक्सिलरेटरला केबल नाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, मोटरवर चालणारी झडप) आहे.

तक्रार अशी : दुसऱ्या गिअरवर गतिरोधक ओलांडून ॲक्सिलरेटर दिला की अर्धा-पाऊण सेकंद गाडी काहीच करत नाही, मग एकदम हिसका देऊन उचलते. फर्मागुडीच्या चढावर तर हमखास. एकदा वेग धरला की त्रास नाही. स्लो (ॲक्सिलरेटर न देता इंजिनाचे फेरे) ७५० आरपीएम असतो, पण ब्रेक मारून थांबताना कधी कधी ९५०-१०००वर जाऊन परत खाली येतो. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. प्लग आणि एअर फिल्टर १०,००० किमीपूर्वी बदलले आहेत.

गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितलं आहे. तेवढे पैसे घालण्याआधी घरी खात्री करायची आहे. बेत असा : एअर फिल्टरपासून येणारा पाइप काढायचा, भावाला आत बसवून रेस मारायला सांगायची आणि झडप किती झटकन उघडते ते बघायचं. अडकल्यासारखी वाटली तर बोटाने ढकलून बघायची. पाऊस आहे म्हणून हे घराखालच्या गॅरेजमध्येच करणार. तीन बाजूंना भिंती, पुढे रस्त्याकडे उतार. जवळ मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीतल्या सेन्सरचे आकडे फोनवर दाखवणारा) आहे. या तपासणीत आणखी काय बघावं?

---

पाना_नंबर_दहा

आधी बोटाचं. इग्निशन ऑन असताना त्या झडपेत बोट घालू नका. ती दांडीवर सैल फिरणारी पत्र्याची चकती नाही. मागे मोटर, गिअर आणि दोन्ही दिशांनी ओढणारी स्प्रिंग असते. ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) आज्ञा दिली की ती क्षणात बंद होते आणि कड धारदार असते. बोट वाचलं तरी आतले प्लास्टिकचे गिअर तुटू शकतात, म्हणजे जी बॉडी बदलायची नव्हती ती बदलावी लागेल. झडप हाताने हलवायचीच असेल तर चावी काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मग हलवा, तीही हलकेच. इग्निशन बंद असताना झडप पूर्ण मिटलेली नसते, किंचित उघडी राहते. मोटर निकामी झाली तरी गाडी रांगत घरी यावी म्हणून स्प्रिंग तिला तिथेच धरते. ते बघून ‘अडकली आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

दुसरं, ती जागा बदला. तीन भिंतींच्या आत इंजिन चालू ठेवून रेस मारायची नाही, पुढचं शटर उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि इंजिन थंड असताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) काम करत नसल्यामुळे तो सगळ्यात जास्त तेव्हाच निघतो. वरच्या खोलीत माणसं असतील तर जिन्यातून त्यांच्यापर्यंतही पोचेल. पावसाची उघडीप बघून गाडी सपाट मोकळ्या जागेत घ्या. खाली वाळलेलं गवत किंवा माडाची सुकी चुडतं नकोत; रेस मारल्यावर कन्व्हर्टर इतका तापतो की गवत पेट घेतं.

उतारावर तर मुळीच नको. सपाटीवर न्यूट्रल, हॅण्डब्रेक पूर्ण वर, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर. चिऱ्याचा तुकडा लावणार असाल तर कडक बघून लावा. भुसभुशीत चिरा चाकाखाली चुरतो. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही, बॉनेटवर वाकलेला माणूससुद्धा बाजूला, फेंडरकडे. बाह्या दुमडलेल्या, गळ्यातली साखळी आणि घड्याळ काढलेलं. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो, त्यामुळे तिथे हात नको. पावडरचा छोटा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलचा वास आला तर तपासणी तिथेच संपली.

आता तुमच्या बेतातली खरी गोची. न्यूट्रलमध्ये रेस मारून पिकअपचं निदान फारसं होत नाही. भार नसलेलं इंजिन आजारी असलं तरी वर चढतं. त्यात अनेक इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत उभ्या गाडीत ईसीयू आरपीएम मुद्दाम मर्यादित ठेवतो. आणखी एक फसवणूक : आत बसलेल्याने ब्रेकवर पाय ठेवून रेस मारली तर बऱ्याच मॉडेलांत ईसीयू ‘दोन्ही पेडल दाबली आहेत’ असं समजून थ्रॉटल आवळतो. बाहेरच्याला वाटतं झडप सुस्त आहे. म्हणून गाडी पाचर आणि हॅण्डब्रेकवर धरा, फूटब्रेकवर नाही.

तरीही न्यूट्रलमध्ये बघायचं असेल तर इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, एसी बंद, आणि २५०० ते ३००० पर्यंतच, दोन-तीन सेकंदांच्या वर नाही. पीयूसी केंद्रातही बीएस४ पेट्रोल गाडीची हाय आयडल चाचणी २५०० अधिक-उणे २०० आरपीएमलाच होते. त्याहून वर नेऊन वेगळं काही कळत नाही.

---

सिग्नल_वायर

वरचं सगळं बरोबर. त्यापुढे थ्रॉटल तपासण्याची रीत जरा उलटी करू या. पाय दाबल्यापासून गाडी उचलेपर्यंत चार टप्पे असतात : पेडलचा सेन्सर, मग झडप, मग मॅनिफोल्डमध्ये (झडपेपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) शिरणारी हवा, मग त्या हवेच्या हिशेबाने पडणारं पेट्रोल आणि स्पार्क. उशीर या चारांपैकी कोणत्या दोहोंच्या मध्ये होतोय ते आधी बघायचं. त्याला पाइप काढावा लागत नाही, तुमचा डोंगल पुरे.

फक्त डोंगलवर एका वेळी दहा आकडे लावू नका. स्वस्त डोंगल एकेक आकडा पाळीपाळीने विचारतो. दहा लावले तर प्रत्येक आकडा सेकंद-दोन सेकंद जुना असतो आणि अर्ध्या सेकंदाचा उशीर त्यात दिसतच नाही. तीनच लावा : पेडल पोझिशन, थ्रॉटल पोझिशन आणि मॅनिफोल्ड प्रेशर. ॲपमध्ये ‘लॉग’ चालू करा म्हणजे नंतर ओळीने वाचता येतं.

पहिली पायरी, इग्निशन ऑन, इंजिन बंद. मॅनिफोल्ड प्रेशर बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. आपण समुद्रसपाटीला, म्हणजे फोंड्यात ९९ ते १०१ किलोपास्कल. ९३-९४ दाखवलं तर सेन्सर खोटं बोलतो किंवा वायरिंगमध्ये व्होल्टेज गळतंय. याच अवस्थेत पेडल अगदी हळू, दहा सेकंद घेऊन, पूर्ण खाली न्या आणि तसंच वर आणा. आकडा न अडखळता चढला-उतरला पाहिजे. पेडल मोकळं असताना आकडा शून्य नसून १५च्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर १०० नसून ७५-८० दिसला तर घाबरू नका. तो सेन्सरचा कच्चा आकडा आहे.

मल्टिमीटर वापरायचा तर पेडलच्या कनेक्टरला सहा वायरी असतात, दोन ५ व्होल्टच्या, दोन अर्थच्या, दोन सिग्नलच्या. ५ व्होल्टची वायर ४.९ ते ५.१ मध्ये हवी. पहिला सिग्नल पाय सोडलेला असताना साधारण ०.७-०.८ आणि पूर्ण दाबल्यावर ४च्या आगेमागे. दुसरा बऱ्याच गाड्यांत पहिल्याच्या बरोबर निम्मा. काही जपानी पद्धतीच्या सेन्सरमध्ये दुसरा निम्मा नसतो, पहिल्यापेक्षा ठरावीक अंतर राखून चालतो. दोघांचं जुळलं नाही तर पी२१३८ हा दोषाचा कोड येतो. झडपेच्या दोन सेन्सरचं बिनसलं तर पी२१३५. मोजताना सुई कनेक्टरच्या मागून वायरीलगत सरकवा, वायरीचं आवरण टोचू नका. इथल्या खाऱ्या, दमट हवेत टोचलेल्या भोकातून आत ओल शिरते आणि वर्षभरात तांबं हिरवं पडतं. मग जो दोष नव्हता तो तयार होतो. डॅशखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचा नाही.

दुसरी पायरी, गरम इंजिन, स्लोवर, एसी बंद. तेव्हाचं मॅनिफोल्ड प्रेशर आणि दोन्ही फ्युएल ट्रिम (ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी टाकतोय तो आकडा) लिहून घ्या, शॉर्ट आणि लाँग. मग २५००वर धरून तेच.

तिसरी पायरी रस्त्यावर, आणि फोन शेजारच्याच्या हातात. चालवणाऱ्याने आकड्यांकडे बघायचं नाही. सरळ, मोकळा रस्ता, कोरडा. दुसऱ्या गिअरवर २००० आरपीएमला गाडी स्थिर ठेवा आणि पेडल एका दमात अर्ध्यापर्यंत दाबा. तीन वेळा पुरे. लॉग इथे टाका.

---

जुना_कार्बोरेटर

एवढं कशाला? पाइप काढा, इंजिन चालू ठेवा, कार्ब क्लीनरचा डबा घेऊन झडपेवर मनसोक्त फवारा, रेस मारत राहा. काळं सगळं जळून जाईल. दहा मिनिटांचं काम.

---

पाना_नंबर_दहा

@जुना_कार्बोरेटर, कार्बोरेटरच्या जमान्यात हे चालून जायचं, इथे तीन कारणांनी नको. चालू इंजिनवर फवारा म्हणजे ज्वलनशील वाफ आणि गरम एक्झॉस्ट एका हाताच्या अंतरावर. दुसरं, बऱ्याच इलेक्ट्रॉनिक बॉड्यांत झडपेच्या कडेला गळती रोखणारा काळसर लेप कारखान्यातूनच असतो. कडक कार्ब क्लीनर तो लेप धुऊन काढतो आणि मग स्लो कायमचा बिघडतो. लोक तो लेप कार्बन समजून चाकूने खरवडतात तेही बघितलंय. तिसरं, भसाभसा ओतलेलं द्रव मोटरच्या दांडीतून आत जातं.

साफ करायचीच तर इंजिन थंड, बॅटरी काढलेली, थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर सुती फडक्यावर घेऊन पुसायचं. झडपेच्या मागच्या बाजूला जी काळी वर्तुळाकार रेघ जमते तेवढीच काढायची. साफ केल्यावर स्लो १२००-१५०० झाला तर काही मोडलं म्हणून नाही. ईसीयूने कार्बन धरून झडप किती उघडायची ते शिकून ठेवलेलं असतं. आता तेवढीच उघडली की हवा जास्त जाते. नव्याने शिकायला लागतं, त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी आणि ती मॅन्युअलमध्ये किंवा स्कॅनरच्या मेनूत असते.

आणि मुख्य म्हणजे मळलेली झडप स्लोला त्रास देते, गाडी बंद पाडते. दुसऱ्या गिअरवर अर्धं पेडल दिल्यावरचा उशीर त्या रेघेने होत नाही, कारण तेव्हा झडप त्या रेघेपासून केव्हाच दूर गेलेली असते. एअर फिल्टरचंही तेच. डिचोली-उसगावकडच्या लाल धुळीने फिल्टर चोंदतो खरा, पण त्याने वरच्या वेगात ताकद कमी पडते. पाय दाबल्या दाबल्याचा अर्धा सेकंद तो खात नाही.

---

फोंड्याचा_चालक

बोट घालण्याचा बेत रद्द. आज सकाळी उघडीप होती, गाडी सपाटीला घेऊन आकडे घेतले.

इग्निशन ऑन, इंजिन बंद : प्रेशर १००. पेडल १४.९ ते ७८, कुठेही अडखळत नाही. मल्टिमीटरवर पहिला सिग्नल ०.७६ ते ३.९४, दुसरा ०.३८ ते १.९७.

गरम इंजिन, स्लो ७६० : प्रेशर ३३, शॉर्ट ट्रिम +१, लाँग ट्रिम +७. २५००वर : प्रेशर २६, शॉर्ट +१, लाँग +६.

रस्त्यावर वेर्ण्याच्या पठारावर तीन वेळा. एका वेळचा लॉग, ओळींत साधारण पाव सेकंदाचं अंतर :

पेडल १९, थ्रॉटल १७, प्रेशर ३८
पेडल ४४, थ्रॉटल ३९, प्रेशर ३९
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ४६
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ५७
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ६९
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ८१
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ८८

बाकी दोन्ही वेळा असंच. ट्रिम +७ म्हणजे कुठून तरी हवा ओढली जातेय का?

---

सिग्नल_वायर

लॉग बोलका आहे. पेडल १९ वरून ४४ला गेलं त्याच ओळीत थ्रॉटल १७ वरून ३९ला. म्हणजे पेडल चांगलं, मोटर चांगली, झडप पाठोपाठ उघडते. थ्रॉटल बॉडी निर्दोष आहे, ती बदलू नका.

आता शेवटचा रकाना. झडप एवढी उघडल्यावर मॅनिफोल्ड भरायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा लागतो. पुढच्या एका, फार तर दुसऱ्या ओळीत आकडा ८०च्या वर जायला हवा होता. तुमचा चार ओळी घेऊन, सुमारे सेकंदाने तिथे पोचतोय, तोही पायऱ्या मोजल्यासारखा. हवा हळू भरत नाही, हे प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर हळू सांगतोय. ईसीयूला वाटतं हवा अजून कमीच आहे, म्हणून तो पेट्रोल कमी टाकतो आणि इंजिन अडखळतं. आकडा वर आला की पेट्रोल येतं, तोच तुमचा हिसका. उलट बाजूनेही जुळतं : पाय काढला, झडप मिटली, पण सेन्सर अजून जुनाच मोठा आकडा सांगतोय. पेट्रोल आणि स्पार्कचा हिशेब चुकतो आणि थांबताना स्लो हेलकावतो.

दिवा का लागला नाही? सेन्सरच्या सर्किटचा कोड व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की येतो. तुमचं व्होल्टेज हद्दीत आहे, फक्त उशिरा पोचतं.

ट्रिमबद्दल. स्लोला +७ आणि २५००ला +६, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. मास एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीत नळी फाटली असती तर स्लोला +१५-२० आणि वर गेल्यावर घट दिसली असती. तुमच्यासारख्या मॅप सेन्सरच्या गाडीत तर फाटकी नळी ट्रिममध्ये नीट दिसतच नाही, कारण चोरून आलेली हवाही तोच सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात पेट्रोल टाकतो. तिथे खूण वेगळी : स्लोचं प्रेशर ४०-४५ आणि स्लो सतत चढलेला. तुमचं ३३ आहे, ठीक आहे. +७ मधला मोठा वाटा पंपावरच्या पेट्रोलचा आहे. ई१०ला (दहा टक्के इथेनॉल) हवा आणि इंधनाचं प्रमाण साधारण १४.१, ई२०ला (वीस टक्के) १३.५. जुन्या हिशेबाच्या ईसीयूला तेवढ्यासाठीच चार-पाच टक्के जास्त पेट्रोल टाकावं लागतं. तो दोष नाही.

आता खात्री, इंजिन बंद ठेवूनच. मॅप सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर एका स्क्रूने बसवलेला असतो, तीन किंवा चार वायरींचा. स्क्रू काढा, सेन्सर हलकेच फिरवत वर ओढा, कनेक्टर जोडलेलाच ठेवा. मॅनिफोल्डच्या भोकावर स्वच्छ फडकं ठेवा, आत काही पडलं तर ते थेट व्हॉल्व्हपर्यंत जातं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप ८-१० सेंटिमीटर कापून सेन्सरच्या नाकावर बसवा. दुसऱ्या टोकाला सुई काढलेली २० मिलिची सिरिंज, तोंडाला इन्सुलेशन टेप गुंडाळून घट्ट. इग्निशन ऑन, डोंगलवर फक्त प्रेशरचा आकडा. पिस्टन ३-४ मिलि मागे ओढा, आकडा ६०-६५च्या आसपास यावा. मग सिरिंज पाइपमधून उपसा. चांगला सेन्सर डोळ्याची पापणी लवते तोवर १००वर परततो. फक्त ओढायचं, पंपाने किंवा कॉम्प्रेसरने दाब द्यायचा नाही, आतला पडदा केसाइतका नाजूक असतो.

---

फोंड्याचा_चालक

सिरिंज लावली. पिस्टन ओढल्यावर आकडा १०० वरून ७२ला यायला दोन-तीन सेकंद लागले. पाइप उपसल्यावर ८०, ८६, ९१, ९५ असं करत १००ला यायला पाच सेकंद! सेन्सरच्या नाकात बघितलं तर भोक डांबरासारख्या काळ्या चिकट थराने जवळजवळ बुजलंय, मधे टाचणीएवढी वाट. ओ-रिंग ठीक दिसते. साफ कशाने करू? टूथपिक चालेल का?

---

पाना_नंबर_दहा

टूथपिक, तार, इअरबड काहीच आत घालू नका. भोकाच्या तळाशी पडदा आणि त्यावर जेलीसारखा थर असतो. टोचला की सेन्सर फेकण्याजोगा. थ्रॉटल क्लीनरही इथे नको, तो जेली खातो. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. सेन्सर नाक खाली करून धरा, दोन-तीन सेकंदांचा फवारा तिरका मारा, काळं गळू द्या, मिनिटभर थांबा, परत. चार-पाच वेळांत स्वच्छ द्रव गळायला लागतो. मग नाक खालीच ठेवून वीस मिनिटं वाळवा. हेअर ड्रायर नको.

मॅनिफोल्डवरचं भोकही तेवढंच बुजलेलं असेल. बांबूच्या काडीला सुती कापड घट्ट गुंडाळून, क्लीनरने ओलं करून फिरवत पुसा, मळ बाहेरच्या दिशेने आणा. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर बसवा. स्क्रू बेताने आवळा, खाली प्लास्टिक आहे.

मग सिरिंजची तपासणी पुन्हा. १००ला एका झटक्यात परतला तर वाचला. नाही परतला तर नवा घ्यायचा. थ्रॉटल बॉडीच्या मानाने तो कितीतरी स्वस्त आहे. घेताना पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. दिसायला सारखे, पण आकड्यांचा हिशेब वेगळा असलेले सेन्सर काउंटरवर सहज गळ्यात पडतात.

आणि ते डांबर आलं कुठून, ते बघितल्याशिवाय बॉनेट लावू नका. इंजिनातली तेलाची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये येते. डिपस्टिक बघा : तेल वरच्या खुणेच्या वर असेल तर वाफ जास्त येते, सर्व्हिसला अर्धा लिटर जास्त ओतल्याचा प्रकार सर्रास होतो. व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळ वाजला पाहिजे. मुका असेल तर आत चिकटलाय, बदला. तो तसाच ठेवलात तर साफ केलेला सेन्सर पुन्हा बुजेल.

---

घाटरस्ता

मधेच विचारतो. डिझेल आहे, २०१६ची, हीच लक्षणं, अनमोड घाटात जास्त. हीच तपासणी चालेल?

---

सिग्नल_वायर

सिरिंजची चालेल, डिझेलच्या बूस्ट सेन्सरला (टर्बोने चढवलेला हवेचा दाब मोजणारा) ईजीआरची, म्हणजे इंजिनात परत सोडलेल्या धुराची, काजळी धरते आणि तो पेट्रोलपेक्षा लवकर बुजतो. बाकी गणित वेगळं. डिझेलमध्ये ताकद झडपेने ठरत नाही, त्यामुळे थ्रॉटलचा रकाना बघून काही उपयोग नाही. पेडल आणि बूस्ट प्रेशर बघा, आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी पाइपांवर हात फिरवा, इंजिन बंद आणि थंड असताना. जोडाला तेलाचा ओला डाग म्हणजे तिथून हवा गळतेय. पाइपात तेलाचं डबकं साचलेलं दिसलं तर मात्र एकदाही रेस मारू नका. ते तेल इंजिनाने ओढलं तर चावी काढूनही इंजिन थांबत नाही. ती गाडी टो करून न्यायची.

---

फोंड्याचा_चालक

साफ केला. सहा वेळा फवारावं लागलं. सिरिंज ओढल्यावर आकडा लगेच ६३, उपसल्यावर पुढच्याच वाचनात १००. मॅनिफोल्डच्या भोकातून काजळीची गोळीच निघाली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह वाजत नव्हता, नवा टाकला.

आजचा लॉग, त्याच रस्त्यावर :

पेडल १९, थ्रॉटल १७, प्रेशर ३७
पेडल ४५, थ्रॉटल ४०, प्रेशर ७९
पेडल ४५, थ्रॉटल ४१, प्रेशर ९१

हिसका गेला. थांबताना स्लो ७५०वरच राहतो. लाँग ट्रिम +५ दाखवतोय. वरचं जादा तेल काढायचं कसं, ड्रेन बोल्टमधूनच का? देव बरें करूं सगळ्यांचं.

---

पाना_नंबर_दहा

ड्रेन बोल्ट सैल करून ‘थोडंसं’ काढायला गेलात तर अर्धं तेल अंगणात. तीच सिरिंज, आणि डिपस्टिकच्या नळीत जाईल अशी बारीक लांब नळी. इंजिन कोमट असताना ओढा, प्रत्येक १०० मिलिनंतर डिपस्टिक पुसून बघा, दोन खुणांच्या मध्ये आलं की थांबा. काढलेलं तेल बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, गटारात ओतू नका. लाँग ट्रिम आणखी शे-दीडशे किलोमीटरनंतर बघा, +४-५ वर स्थिरावला तर तो ई२०चाच.